फोमवाल्या अनसाबाई

अनसाबाई गेल्याची बातमी मला सलीममिस्त्रींच्या फोनवरून कळली. पावसाळ्याचे दिवस होते. मी अंबड तालुक्यातल्या एका गावात लसीकरणाला गेले होते आणि फोनची रेंज येत-जात होती. "सिस्टर, अपनी अनसाबाई गुजर गई," एवढं ऐकू आलं आणि फोन तुटला. परत लागला तेव्हा ते म्हणाले, "झोपेतच गेल्या म्हंतेत. पण लोकांना जल्दी कळलंच न्हाई. दार आतून बंद. अन त्या घरातून आवाज बाहेर येत न्हाई, तुम्हाला तर मालूम हाय."  शेवटी म्हणाले, "भिंती मीच बांधल्या ना."

त्या भिंती उभ्या राहताना मीही पाहिल्या होत्या.

हसनाबादला मी आरोग्यसेविका म्हणून आले तेव्हा मला राहायला पत्र्याची खोली मिळाली. समोर अनसाबाईंचं घर होतं. साधंच, विटांचं, वर सिमेंटचा स्लॅब. गावात स्लॅबचं घर म्हणजे बरी परिस्थिती. पण त्या घरातला माणूस दिवसा घरात राहत नाही हे माझ्या लवकरच लक्षात आलं. ऊन चढायला लागलं की एक उंच, काटक बाई एका माणसाला दंडाला न धरता, फक्त त्याच्या मनगटाला धरून बाहेर आणायची. त्याच्या खांद्यावर ओली चादर असायची. दोघं कधी मारुतीच्या देवळाच्या दगडी ओवरीत बसत, कधी ओढ्याकाठच्या चिंचेखाली. सावली सरकली की बाई त्याची बाज सरकवायची, चादर पुन्हा भिजवायची आणि बाजेच्या पायथ्याशी बसून राहायची. येणारी-जाणारी माणसं सुरुवातीला थांबत, चौकशी करत. रोजचं झाल्यावर थांबेनाशी झाली.

अनसाबाईंचे यजमान नामदेवराव जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडी सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होते. एकदा भट्टीतला लोखंडाचा रस उसळला. पाठ, छाती आणि दोन्ही दंड भाजले. मांडीची कातडी काढून जागोजागी लावली, बरेच महिने दवाखान्यात गेले, जीव वाचला. लावलेली कातडी जगलीही. पण त्या कातडीला घाम येत नव्हता. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे त्या माणसाला कसा गेला असेल, ते मी सांगू शकत नाही. मी त्यांच्या पाठीला मलम लावायला जायचे तेव्हा हाताला तापलेल्या भांड्यासारखं लागायचं.

"लोकं घामाला कट्टाळतेत, सिस्टर," अनसाबाई एकदा मला म्हणाल्या. "मी देवाला घाम मागून राह्यले."

त्यांना हातानं बघायची सवय होती. उपकेंद्रात आल्या की आधी टेबलावर तळवा ठेवायच्या, मग भिंतीवर, मग खिडकीच्या गजांवर. बोलता बोलता जमिनीवरही हात टेकायच्या. कुठली वस्तू किती तापली आहे, ऊन कुठून आत येतं, कुठं थांबतं, याचा त्यांना नादच लागला होता. स्वतःच्या घराबद्दल त्या म्हणायच्या, "हा स्लॅब दिवसभर ऊन पितो अन रातभर वकतो. आमी दोघं त्याच्या तोंडाखाली झोपतो."

घरात फोम भरायची कल्पना त्यांना सुचली ती एका जुन्या आठवणीतून. नामदेवराव कामावर होते तेव्हा दोघं जालन्यालाच खोली करून राहत. अनसाबाई बियाण्याच्या कारखान्यात जायच्या, बी निवडायला. तिथं महागाचं बी ठेवायला एक थंड खोली होती. बाहेर पत्रा भाजत असायचा आणि आत गेलं की अंगावर काटा यायचा. दुपारच्या सुट्टीत बायका काहीतरी निमित्त काढून त्या खोलीत जाऊन यायच्या. एके दिवशी तिथल्या भिंतीचा कोपरा उंदरानं कुरतडला होता, आत पांढरं काहीतरी दिसत होतं. अनसाबाईंनी सुपरवायझरला विचारलं, तो म्हणाला, फोम आहे, थर्माकोलच्या जातीचा. गारवा बाहेर जाऊ देत नाही आणि ऊन आत येऊ देत नाही.

हे सगळं त्यांनी मला सांगितलं ते नामदेवरावांच्या अपघातानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. चिंचेखाली बसून, चादर पिळता पिळता. आणि मग म्हणाल्या, "बियाला गारवा लागतो म्हून एवढ्या जाड भिंती केल्या. मंग माणसाला काऊन न्हाई करायच्या?"

अपघाताची भरपाई म्हणून कारखान्याकडून जे पैसे मिळाले होते ते त्यांनी घरात घालायचं ठरवलं. इथून त्यांच्या एकटेपणाला खरी सुरुवात झाली, असं मला आता वाटतं. कारण घरातलं कुणीच त्यांच्या बाजूनं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. दीर अंबादास शेजारीच राहायचा, मध्ये एक बुटकी भिंत. त्याचं म्हणणं होतं की त्या पैशात दोन एकर जमीन घ्यावी, दादाचं काय आज आहे उद्या नाही. हे तो नामदेवरावांच्या देखत बोलला. अनसाबाई उठल्या, म्हणाल्या, "भाऊजी, आज हायेत ना? मंग आजचंच बघते मी." त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं.

गावातला एकही मिस्त्री काम घ्यायला तयार होईना. भिंतीत थर्माकोल? गणपतीचं मखर करायचं आहे का? शेवटी अनसाबाईंनी जालन्याहून सलीममिस्त्रींना आणलं. हा बुटका, दाढीला मेंदी लावणारा माणूस नव्या कामाला भुकेला होता. आधी तोही हसला होता. मग अनसाबाईंनी त्याला बियाण्याच्या कारखान्यात नेलं, ओळखीच्या वॉचमनला सांगून त्या थंड खोलीत उभं केलं, आणि त्याचा हात धरून भिंतीवर ठेवला. "बस. समझ गया," सलीममिस्त्री म्हणाले. ते गावात सगळ्यांना समजावून सांगायचे, "कुछ नहीं, दो भाकर के बीच में पिठलं. हिकडून काँक्रीट, तिकडून काँक्रीट, मधी फोम. जाळी लावून घट्ट बांधायचं."

जुनं घर उतरवलं आणि फोमच्या शीटा टेम्पोतून आल्या त्या दिवशी वारा सुटला होता. टेम्पोची दोरी सोडली मात्र, आणि पांढऱ्या शीटा एकामागून एक उडाल्या. माणसाच्या उंचीच्या शीटा, पण वजन नाहीच. काही पऱ्हाटीच्या शेतात गेल्या, एक देवळाच्या कळसाला जाऊन थटली, एक थेट बसस्टँडच्या चहाच्या टपरीवर. सगळं गाव हसत हसत शीटांमागं धावलं. म्हातारी माणसंसुद्धा. अनसाबाई एका शीटेवर आडव्या झोपून दुसरी दोन्ही हातांनी धरून ओरडत होत्या, "पकडा ओ, माझं घर चाललं!" नामदेवराव देवळाच्या ओवरीतून हे पाहत होते. ते इतके हसले की मला भीती वाटली, छातीवरची कातडी ताणली जाईल. त्या घराच्या निमित्तानं सगळं गाव एकत्र आलेलं मी तेव्हाच पाहिलं.

शीटा गोळा करून अंगणात रचल्या, वर दगड ठेवले. संध्याकाळी नामदेवराव तिथं आले. त्यांनी शीटेचा एक तुकडा उचलून बोटानं दाबून पाहिला आणि सलीममिस्त्रींना विचारलं, "हे जळतं का?"

सलीममिस्त्री खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अनसाबाईंकडे पाहिलं. अनसाबाई म्हणाल्या, "दाखवा त्यांना."

अंगणाच्या कडेला, सगळ्यांपासून लांब, त्यांनी तुकड्याला काडी लावली. तो आधी आक्रसला, मग थेंब थेंब गळायला लागला आणि काळा धूर करून पेटला. नामदेवराव मागं सरकत सरकत मधल्या भिंतीला टेकले. पाठ टेकवायची नसते हेही विसरले. मी त्यांना सावरायला गेले. "अनसे, मला याच्यात झोपवू नको," ते म्हणाले. "पुन्हा न्हाई."

बांधकाम थांबलं. मला वाटलं, आता हे सगळं मोडलं. पण काही दिवसांनी अनसाबाईंनीच नवऱ्याला समोर बसवलं. मी पट्टी बदलत होते, त्यामुळं सगळं ऐकलं. त्या म्हणाल्या, "जाळ बाहेर ठेवायचा, मंग कशाला जळंल? दोन्हीकून काँक्रीट हाय. वायर नळीतून जाईल. अन मी तुमाला सांगते, या घरात काडी वढणार न्हाई. चूल न्हाई, गॅस न्हाई, दिवा न्हाई. उदबत्तीबी न्हाई."

"देव?"

"देव बाहेर राहतील. त्यान्ला ऊन लागत न्हाई."

त्यांनी शब्द पाळला. घराच्या मागं, बरंच अंतर सोडून, पत्र्याचं शेड टाकलं आणि तिथं स्वयंपाक सुरू केला. देव्हारा त्या शेडमध्येच. मे महिन्यात दुपारी त्या शेडमध्ये भाकरी थापताना त्या घामानं निथळायच्या, पदरानं तोंड पुसायच्या, आणि ताट झाकून गार घरात न्यायच्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यासाठी गारवा केला आणि स्वतः पत्र्याखाली रांधलं. गुरुजींनी एकदा वास्तुशांतीचा विषय काढला. होम अंगणात करा म्हणाल्या. घरात निखारा जाऊ दिला नाही.

घर तयार झालं ते दिसायला अगदी साधं होतं. दोन खोल्या, भिंती जाड, खिडक्या लहान. स्लॅबवरही फोम अंथरून त्यावर काँक्रीटचा थर आणि वर चुना. आत गेलं की पहिल्यांदा जाणवायची ती शांतता, गारवा त्यानंतर. बाहेर ट्रॅक्टर जात असला तरी आत कुठंतरी लांब गुरगुरल्यासारखं वाटायचं. नामदेवराव पहिले काही दिवस ओसरीतच झोपले. मग मार्च तापला आणि एका दुपारी ते आपण होऊन आत गेले. संध्याकाळी मी गेले तेव्हा ते खाटेवर बसून अनसाबाईंच्या हातून शेंगा खात होते, अंगावर चादर नव्हती. "सिस्टर, आज दुपारी मला झोप लागली," ते म्हणाले. अपघातानंतर पहिल्यांदाच लागली होती ती.

पण त्या घराला एक नियम होता. दिवस उगवायच्या आत सगळं बंद करायचं आणि दिवेलागणीनंतर उघडायचं. गावात नेमकं उलटं चालतं. आपल्याकडं दिवसा दार उघडंच असतं. कुणीही यावं, उंबऱ्यात टेकावं, पाणी मागावं. बंद दार म्हणजे एकतर सुतक, नाहीतर शिष्टपणा. अनसाबाईंचं दार वाजवावं लागायचं. आत गेलं की "जल्दी लावा, गारवा चालला" ऐकावं लागायचं. बिडी ओढायची नाही. मोठ्यानं हाक मारली तर ती आत पोचायची नाही. हळूहळू माणसं येईनाशी झाली. "फोमवाल्या" हे नाव तेव्हाच पडलं, आणि ते प्रेमानं पडलेलं नव्हतं. नामदेवराव एकदा मला म्हणाले, "ऊन बाहेर राह्यलं, बरं झालं. पण त्याच्यासंगं गावबी बाहेर राह्यलं." अनसाबाई ताट उचलत होत्या. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून संध्याकाळी दार उघडलं की त्या बाज रस्त्याच्या अगदी कडेला टाकायच्या, जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायच्या, चहा विचारायच्या. थांबणारे थोडे असायचे.

नामदेवरावांनी त्या घरात काही उन्हाळे चांगले काढले. गेले ते थंडीत. छातीत कफ झाला आणि तो निघालाच नाही. अनसाबाईंना या गोष्टीचा राग यायचा, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. "सगळे उन्हाळे काढले मी त्यांचे," त्या म्हणायच्या. "अन थंडीत गेले. थंडीला मी कुठं बघत होते?"

दिवसकार्य झालं आणि त्यांनी घराला कुलूप घातलं. स्वतः ओसरीत झोपायला लागल्या. उन्हाळा आला तरी तिथंच. मी म्हटलं, आत जा, आता तुमचं वय झालं. त्या म्हणाल्या, "ज्याच्यासाठी बांधलं त्यो न्हाई. मला उन्हाचं काय, मला घाम येतो." पण दिवेलागणीला त्या कुलूप काढून खिडक्या उघडायच्या आणि पहाटे पुन्हा लावून घ्यायच्या. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणायच्या, "घराला सवय हाय."

त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, मला अंबादासच्या घरून बोलावणं आलं. त्याच्या सुनेचं, रेखाचं, बाळंतपण होऊन महिनाही झाला नव्हता. मुलगी झाली होती. वर पत्रा, त्यात बाळंतिणीची खोली म्हणून खिडकीला पोतं लावलेलं. आत पाऊल टाकलं तर भट्टीच. पोरीचं अंग तापलं होतं, ती दूध ओढत नव्हती, रडतही नव्हती. मी गाडीसाठी फोन केला. गाडी दुसरा पेशंट घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता.

"गाडी येईस्तोवर हिला गार जागेत ठेवायला पाहिजे," मी म्हणाले.

 सगळ्यांची नजर त्या बुटक्या भिंतीकडे गेली. अंबादास म्हणाला, "तिकडं न्हाई."

रेखा उठली. कच्ची बाळंतीण, पायांत त्राण नाही. तिनं लेकराला पदराखाली घेतलं आणि सासऱ्यासमोरून बाहेर पडली. मी तिच्यामागं धावले.

अनसाबाई शेडमध्ये धान्य निवडत होत्या. त्यांनी रेखाकडे पाहिलं, मग उठून पदर बाजूला करून लेकराच्या पोटावर तळवा ठेवला. हात तसाच ठेवून दुसऱ्या हातानं कमरेची किल्ली काढली. 

आत आम्ही पोरीचे कपडे काढले, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहिलो. रेखाला खाटेवर बसवलं. तेवढ्यात अनसाबाई दार लावायला गेल्या तर उंबऱ्याबाहेर अंबादास उभा. अनवाणी. डोक्यावर काही नाही. आत यावं की जावं ते त्याला कळत नव्हतं. इतक्या वर्षांत दोघं बोलले नव्हते.

"आत या भाऊजी," अनसाबाई म्हणाल्या. "मला दार लावायचं हाय."

तो आत आला. भिंतीशी उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं हात मागं नेऊन भिंतीला लावला, आणि तसाच ठेवला. कितीतरी वेळानं पोरगी कुरकुरली, मग चांगली रडली, आणि रेखाच्या छातीला लागली. अनसाबाई खाली बसून पदरात तोंड घालून रडल्या. नामदेवराव गेले तेव्हा त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. अंबादास म्हणाला, "दादा असते तर..."

गाडी आली, डॉक्टरांनी तपासलं, पोरगी बरी होती. परत आणली ती सरळ अनसाबाईंकडेच. रेखा तो सगळा उन्हाळा तिथं राहिली. मग माझ्याकडे तपासणीला येणाऱ्या आणखी दोघी दिवस गेलेल्या बायका दुपारी येऊन पडायला लागल्या. मग एक दम्याची म्हातारी. मग तान्ही लेकरं घेऊन आया. दरसाल एप्रिल-मेमध्ये ते घर भरून जायचं. चटया अंथरलेल्या, भिंतीशी ओळीनं झोपलेली लेकरं, बायकांचं हळू आवाजात चाललेलं बोलणं. अनसाबाई मध्ये बसून कुणाच्या कपाळावर, कुणाच्या पोटावर हात ठेवत असायच्या. चहा मात्र शेडमधूनच यायचा. रेखाच्या मुलीला, आरोहीला, बोलता यायला लागलं तेव्हा ती त्यांना 'गार आजी' म्हणायला लागली, आणि मग सगळीच लेकरं म्हणायला लागली.

"आपल्याकडं सगळे पावसाची वाट बघतेत," एकदा मे महिन्याच्या शेवटी त्या मला म्हणाल्या. आभाळ भरून आलं होतं आणि बायका चटया गुंडाळत होत्या. "मी मनात म्हंते, ये बाबा, शेतकऱ्यासाठी ये. पण जरा सावकाश ये."

पाऊस पडला की त्या घरात कुणी येत नसे. पेरण्या, निंदण्या, कुणाला वेळ? अंबादासचं बोलणं सुरू झालं होतं, सणाला ताट यायचं, पण मधली भिंत होती तिथंच होती. सरींचा आवाजही त्या स्लॅबमधून आत पोचत नसे. पावसाळ्यात मी गेले की त्या ओसरीत बसलेल्या दिसायच्या; झड यायची म्हणून रात्री तेवढं आत झोपायच्या. आत का बसत नाही विचारलं तर म्हणायच्या, "आत माझा माझाच आवाज येतो."

पुढं माझी बदली झाली. मधून मधून कानावर यायचं ते सलीममिस्त्रींकडून. त्यांची आता वेगळीच कीर्ती झाली होती. हसनाबाद-भोकरदनच्या भागात फोमचं काम करणारा मिस्त्री म्हणून त्यांना लोक शोधत यायचे. एका व्यापाऱ्याचं घर केलं, एका शिक्षकाचं केलं. अंबादासनं पत्रा काढून नवीन घर बांधलं, त्याच्या स्लॅबवरही फोम टाकला. ज्यांच्या घराला फोम नाही त्यांनी कूलर घेतले, कुणी एसी घेतला. "आता अनसाबाईंकडं कुणी येतं का?" मी विचारलं होतं. सलीममिस्त्री म्हणाले, "कशाला येतील, सिस्टर? ज्याचं त्याचं घर गार झालं. मीच केलं." अभिमानानं सुरू झालेलं त्यांचं वाक्य शेवटी खाली आलं.

मी अनसाबाईंना शेवटचं पाहिलं ते होळीच्या सुमाराला. भोकरदनला एका प्रशिक्षणाला निघाले होते, वाटेत हसनाबादला उतरले. ऊन लागायला सुरुवात झाली होती. ओसरीत कुणी नव्हतं. शेडमध्ये नव्हतं. हाक मारली तर वरून आवाज आला, "कोण हाय?"

अनसाबाई गच्चीवर होत्या. उन्हाळ्याआधी स्लॅबला चुना लावायचं काम त्या दरसाल करायच्या. कमरेला पदर खोचलेला, हातात कुंचा, शेजारी बादली. मी शिडीवर पाय ठेवला तर म्हणाल्या, "वर येऊ नका, सिस्टर. वलं हाय. पाय उमटंल."

मग मी शिडीच्या चार पायऱ्या चढून तिथंच थांबले आणि आम्ही तसंच बोललो. त्या खूप वाळल्या होत्या. चुन्यावरून ऊन परतून डोळ्यांत येत होतं, त्यामुळं त्यांचा चेहरा मला नीट दिसेना. मी विचारलं, आरोही येते का. "जालन्याला टाकली शाळंला. उन्हाळ्यात तिचे क्लास राहतेत. फोनवर बोलती," त्या म्हणाल्या. "हुशार हाय."

"मग एवढं कशाला करत बसलात, या वयात? कुणाला तरी सांगायचं."

त्यांनी कुंचा बादलीत बुडवला, कडेला निपटला. "कुणी आलं अन वर तापलेलं असलं तर?"

मग त्यांनीच विचारलं, "तुमी थांबता का? ऊन उतरंस्तोवर तरी. आत बसा. मी हे एवढं करून येते."

माझी बस होती. मी तसं सांगितलं. "बराबर हाय," त्या म्हणाल्या, "काम पहिलं." आणि वाकून पुन्हा कुंचा फिरवायला लागल्या.

बस स्टँडवरून सुटून वळली तेव्हा घरांच्या वरून त्यांची गच्ची दिसली. सगळ्या गावात तेवढीच एक पांढरी. तिच्यावर वाकलेल्या अनसाबाई, एक एक पाऊल मागं सरकत, चुना ओढत शिडीकडे येत होत्या.